‘आउट ऑफ सिलॅबस’ला मिळालेली जागा

पुण्या-मुंबईत इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. युनिव्हर्सिटीचा पेपर हातात पडतो, हॉलमध्ये कुजबुज सुरू होते आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘पाचवा प्रश्न आउट ऑफ सिलॅबस होता!’ मग निवेदन, मग विद्यापीठाच्या दारात घोळका, आणि नशीब असेल तर सगळ्यांना सरसकट गुण. ‘अभ्यासक्रमाबाहेरचं’ हा आपल्याकडे तक्रारीचा शब्द आहे.

आता बहरीनमधलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. वडील पुणे विद्यापीठाचे मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी तिथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात. मुलगी तिथल्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या गुणपत्रकावर एक ओळ असते: ‘स्पेशल टॉपिक्स’, तीन क्रेडिट. बाबा विचारतात, ‘विषयाचं नाव काय?’ ती म्हणते, ‘हेच नाव.’ ‘पुस्तक कुठलं?’ ‘पुस्तक नाही, सर शोधनिबंध वाचायला देतात.’ ‘मागच्या वर्षीचे पेपर?’ ‘मागच्या वर्षी विषय वेगळा होता, बाबा.’ ‘मग परीक्षा कोण घेतं?’ ‘सरच घेतात.’

घर कल्पनेतलं आहे, पण संवाद ओळखीचा वाटला असेल. त्यातल्या शेवटच्या उत्तराशी थांबू या. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा माणूस एकच आहे, की दोघांमध्ये शंभर मैलांचं अंतर आहे, यावर अभ्यासक्रमाबाहेरचं ज्ञान वर्गात येणार की नाही हे ठरतं. गुणपत्रकावरच्या त्या एका ओळीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात मुंबई आहे, बहरीन आहे आणि अमेरिकाही आहे.

हा प्रकार नेमका काय असतो?

आधी यंत्रणा समजून घेऊ. क्रेडिट पद्धतीच्या तांत्रिक विद्यापीठात प्रत्येक विषयाला एक क्रमांक आणि ठरलेला मजकूर असतो. ‘स्पेशल टॉपिक्स’ किंवा ‘विशेष विषय’ म्हणजे क्रमांक आहे पण मजकूर मोकळा. आपल्या भाषेत सांगायचं तर नावाची पाटी कोरी ठेवलेली खोली. या सत्रात एखादा प्राध्यापक तिथे बॅटरीचं रसायनशास्त्र शिकवेल, पुढच्या सत्रात दुसरा कुणी यंत्रमानवांबद्दल बोलेल. प्राध्यापकाने दोन-चार पानांचा आराखडा द्यायचा, विभागाने मान्य करायचा, वर्ग सुरू. विषय टिकाऊ आहे असं दिसलं की त्याला कायमचा क्रमांक मिळतो आणि खोली पुन्हा रिकामी होते. नाही टिकला तर गाजावाजा न होता संपतो.

म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्या नियमांतच कबूल केलेलं असतं की आम्ही लिहिलेल्या अभ्यासक्रमात सगळं नाही, उद्या काय येईल हे आम्हाला माहीत नाही, आणि ते ओळखण्याचं काम वर्गातल्या शिक्षकावर सोपवलं आहे.

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत अशी कबुली का नव्हती?

मुंबई, १८५७

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं. नमुना होता त्या काळच्या लंडन विद्यापीठाचा. लंडन विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नसे. कॉलेजं शिकवत, विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. मुंबईतही तेच झालं. स्वतःचे शिकवणारे विभाग यायला पहिल्या महायुद्धानंतरचा काळ उजाडला. पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ साली. तोवर साठेक वर्षं विद्यापीठ म्हणजे प्रामुख्याने परीक्षा घेणारी कचेरी होती.

तंत्रशिक्षणाची गोष्ट तर विद्यापीठाहूनही जुनी. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं मिळावीत म्हणून इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. तोच पुढे मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते कॉलेज झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली इथूनच इंजिनिअर होऊन बाहेर पडले. खडकवासल्याच्या धरणावरचे त्यांचे प्रसिद्ध स्वयंचलित दरवाजे मात्र त्यांनी पुढे नोकरीत असताना, समोरच्या अडचणीतून शोधले. ज्या मुठेच्या काठी कॉलेज, त्याच नदीच्या वरच्या अंगाला धरण. पण तिथला प्रश्न सुटला तो खात्यात.

संलग्न कॉलेजांची ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, उलट फोफावली. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग लागली आणि एका विद्यापीठाच्या एका प्रश्नपत्रिकेवर कितीतरी कॉलेजांची मुलं बसू लागली. अभ्यासक्रमात एक प्रकरण बदलायचं तर आधी अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्वत परिषद. बदल व्हायचे, पण काही वर्षांनी एकदा आणि सगळ्यांसाठी एकदमच. चौथ्या वर्षाला ‘इलेक्टिव्ह’ असायचे, पण ते छापील यादीतले. यादीतल्या चारांपैकी कॉलेजात ज्याचा शिक्षक उपलब्ध तो एक, हे तुम्ही स्वतः अनुभवलं असेल.

या पद्धतीला नुसती नावं ठेवणं सोपं आहे. पण तिच्यात एक न्याय होता, तोही बघायला हवा. रत्नागिरीतल्या मुलीला आणि माटुंग्यातल्या मुलाला एकच पेपर. तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, जात दिसत नाही, कॉलेजही दिसत नाही. ज्या समाजात शिक्षकाच्या मर्जीवर गुण ठरण्याची भीती खरी होती, तिथे लांबचा, अनोळखी परीक्षक हे संरक्षण होतं. किंमत एकच: समोरच्या शिक्षकाला पेपरात नसलेलं काही शिकवावंसं वाटलं, तर मुलं अगदी रास्तपणे विचारणार, ‘सर, हे परीक्षेला आहे का?’

क्रेडिट आलं कुठून?

दुसरी परंपरा अमेरिकेतली. १८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी ठरावीक अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडू द्यायची पद्धत रुजवली. निवड आली की मोजमाप लागतं: हा विषय त्या विषयाच्या बरोबरीचा का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी संस्थेच्या पैशातून शिक्षकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना निघाली. त्यासाठी कुठली संस्था पात्र हे ठरवताना तासांवर आधारलेलं एकक पक्कं झालं, आणि क्रेडिट रूढ व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. पेन्शनच्या हिशेबातून आलेली ही गोष्ट पुढे जगभरच्या अभ्यासक्रमाची विटेसारखी मापाची वस्तू झाली.

क्रेडिट आल्यावर विषयाची किंमत त्यात काय शिकवलं यावर नाही, तर किती तास शिकवलं यावर ठरू लागली. हे ऐकायला वाईट वाटतं, आणि त्याचे तोटे आहेतही. पण त्यामुळेच कोरी पाटी शक्य झाली. आत काय आहे ते माहीत नसलं तरी ‘तीन क्रेडिट’ एवढं आधीच लिहून ठेवता येतं.

या कोऱ्या पाटीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७८ सालचं आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या लिन कॉनवे त्या हिवाळी सत्रात एमआयटीत पाहुण्या प्राध्यापक म्हणून आल्या. आयबीएमने १९६८ साली, त्यांनी लिंगबदलाचा निर्णय घेतल्यावर, त्यांना नोकरीवरून काढलं होतं. नव्या नावाने त्यांनी कारकीर्द शून्यापासून उभी केली होती. कार्व्हर मीड यांच्यासोबत त्यांनी चिपची मांडणी करायचे सोपे, सर्वसाधारण नियम तयार केले होते. पाठ्यपुस्तक अजून छापलेलंही नव्हतं. एमआयटीने वर्गाला क्रमांक दिला ६.९७८, विशेष विषयांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी एक.

अर्ध्या सत्रात तत्त्वं आणि उरलेल्या अर्ध्यात प्रत्येकाने स्वतःची चिप आखायची. आराखडे अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, कॅलिफोर्नियाला गेले. तिथे ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत चिप बनल्या आणि १९७९ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या हातात परत आल्या. तोवर चिप आखणं हे मोठ्या कंपन्यांच्या बंद दालनातलं काम होतं. पुढच्याच वर्षी बारा विद्यापीठांतल्या १२४ जणांचे ८२ आराखडे अशाच पद्धतीने एकत्र बनवले गेले. त्यानंतर काही वर्षांतच हा विषय शंभराहून अधिक विद्यापीठांत पोहोचला.

समजा, तो वर्ग भरवण्याआधी पाठ्यपुस्तक, मागचे पेपर आणि तीन समित्यांची मान्यता लागली असती, तर? चिप कधीतरी विद्यापीठांत आली असतीच. पण त्या हिवाळ्यात नसती आली.

भारतातल्या रिकाम्या खोल्या

आपल्याकडे असं घडलंच नाही असं नाही. जिथे शिकवणारे आणि परीक्षा घेणारे एकाच छपराखाली होते, तिथे घडलं. माटुंग्याचं यूडीसीटी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचाच विभाग म्हणून सुरू झालं, संलग्न कॉलेज म्हणून नाही. मुंबईच्या गिरण्यांना रंगाई-धुलाई जाणणारी माणसं हवी होती, म्हणून सुरुवातीच्या विषयांत वस्त्र-रसायन होतं. शहराची गरज आणि वर्ग यांच्यातलं अंतर ट्रामने जाण्याइतकं होतं.

दुसरं उदाहरण कानपूरचं. ऑगस्ट १९६३ मध्ये तिथल्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला. तेव्हा संगणकशास्त्र नावाचा पदवी अभ्यासक्रम देशात नव्हता. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-दहा दिवसांचे वर्ग घेतले. त्यात फोरट्रान, गणिती पद्धती आणि प्रत्यक्ष यंत्रावर हात चालवणं हे सगळं होतं. देशभरातले प्राध्यापक, वैज्ञानिक त्यासाठी येत. मग विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकाची शाखा फुटली, आणि संगणकशास्त्राचा बी.टेक. सुरू झाला १९७८ साली. ‘अभ्यासक्रमाबाहेरचं’ ते ‘अभ्यासक्रम’ असा पंधरा वर्षांचा प्रवास. आज महाराष्ट्रात कॉम्प्युटरला प्रवेश मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या आई-बाबांनी एवढं लक्षात ठेवावं की या शाखेची सुरुवात दहा दिवसांच्या वर्गाने झाली.

आणि आता बहरीन

बहरीनचं मुंबईशी नातं नोकरीच्या व्हिसापेक्षा बरंच जुनं आहे. तिथले मोती मुंबईच्या बाजारात येत. आखातातला ब्रिटिश कारभार ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारमार्फत चाले. १९१३ सालच्या हुकुमानुसार तिथे हिंदुस्थानातले कायदे लागू झाले आणि अपिलासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे बघितलं जाई. रुपया तर तिथे १९६५ पर्यंत चालला, शेवटची काही वर्षं खास ‘गल्फ रुपया’ म्हणून.

तंत्रशिक्षणाचा नमुनाही आधी ब्रिटिश वळणाचाच आला. आधुनिक पद्धतीची मुलांची पहिली शाळा १९१९ साली मुहर्रकला निघाली. १९३२ साली जबल दुखानला तेल लागलं, आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं पहिलं. चार वर्षांनी सित्रा इथे रिफायनरी आली आणि तिच्यासोबत फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन यांची गरज. १९६८ साली गल्फ टेक्निकल कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियम कंपनी ‘अल्बा’ची स्थापना झाली आणि १९७१ साली तिची भट्टी पेटली. बेटावर बॉक्साइट नाही, पण वीज बनवायला वायू आहे, या हिशेबावर उभा राहिलेला तो कारखाना. टेक्निकल कॉलेजचं पुढे गल्फ पॉलिटेक्निक झालं. १९८६ साली ते आणि कला-विज्ञान-शिक्षणशास्त्राचं युनिव्हर्सिटी कॉलेज एकत्र करून बहरीन विद्यापीठ बनलं. इंजिनिअरिंगचं महाविद्यालय आजही ईसा टाउनला आहे. चार वर्षांची पदवी, क्रेडिट तास, अमेरिकेतल्या एबेट संस्थेची मान्यता. थोडक्यात, मुंबईसारख्याच ब्रिटिश वळणाने सुरू झालेल्या या बेटाने तंत्रशिक्षणात पुढे क्रेडिटची वाट धरली.

याने फरक काय पडला हे समजून घ्यायला पाण्याकडे बघा. आपल्या किंवा ब्रिटनच्या पाणीपुरवठ्याच्या पुस्तकात पहिलं प्रकरण नदीचं असतं: धरण, कालवा, गाळणी, क्लोरीन. बहरीनमध्ये नदीच नाही. गोड्या पाण्याचे झरे होते, काही तर समुद्राच्या तळाशी. लोकसंख्या वाढली, उपसा वाढला, झरे आटले, भूजल खारावलं. १९७० च्या दशकात सित्रा इथे समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारा प्रकल्प आला. १९८४ साली रास अबू जरजूर इथे खाऱ्या भूजलावर चालणारा रिव्हर्स ऑस्मॉसिसचा प्रकल्प उभा राहिला, आणि तेव्हा तो जगातल्या या प्रकारच्या मोठ्या प्रकल्पांपैकी होता. ज्या पडद्यांमुळे हे तंत्र व्यवहारात उतरलं, ते सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास बनवले होते. म्हणजे बेटावर प्रकल्प सुरू झाला तेव्हा ते ज्ञान जेमतेम पाव शतकाचं होतं. नदीच्या पुस्तकात ते कुठल्या प्रकरणात बसवणार? पडदे का चोंदतात, उरलेलं दाट खारं पाणी आखातात सोडल्यावर काय होतं, हे प्रश्न तिथल्या इंजिनिअरचे रोजचे आहेत. असे प्रश्न पुस्तकात येण्याआधी वर्गात यायचे तर अशी एक मोकळी खोली लागते.

बहरीनमध्ये अधारी नावाचा प्रसिद्ध झरा होता. त्याचं पाणी पाटांतून लांबच्या बागांना जाई आणि जवळची जमीन कोरडी राही. त्यावरून तिथे म्हणच पडली: अधारीसारखा, दूरच्याला पाजतो आणि जवळच्याला विसरतो. आपण दिव्याखाली अंधार म्हणतो, त्याच घरातली ही म्हण. दूरच्या कचेरीत लिहिलेल्या अभ्यासक्रमाचं अनेकदा असंच होतं.

पाटी कोरी असण्याचे तोटे

इथवर वाचून ‘स्पेशल टॉपिक्स’ म्हणजे अमृत असं वाटलं असेल, तर थोडं थांबा. हा वर्ग माणसावर उभा असतो. प्राध्यापक नोकरी सोडून गेले की विषय संपला. आखातात परदेशी शिक्षक करारावर असतात, तिथे हा धोका जास्त. कधी ही खोली अडगळीची होते: तास भरायचे आहेत, कुणालातरी काम द्यायचं आहे, तर टाका ‘विशेष विषय’. शिवाय परीक्षकही तोच असल्यामुळे गुणांबद्दल दाद मागायची तर कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. लांबच्या परीक्षकाने दिलेलं संरक्षण इथे नाही.

एक अगदी व्यवहारातली अडचणही आहे. गुणपत्रकावर नुसतं ‘स्पेशल टॉपिक्स’ छापलं जातं तेव्हा पुढे मास्टर्सला अर्ज करताना आत काय शिकलात हे समोरच्याला कळत नाही. म्हणून तुमच्या घरात कुणी असा वर्ग घेत असेल तर त्याचा आराखडा, वाचनाची यादी आणि प्रकल्पाचा अहवाल जपून ठेवायला सांगा. नंतर तेच पुराव्याला येतं.

आपल्याकडे आता

कॉलेजांना स्वायत्तता द्यावी ही शिफारस नवी नाही. ती १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने केली होती. महाराष्ट्रात ती हळूहळू उतरली. यूडीसीटी २००८ साली अभिमत विद्यापीठ झालं, आज आपण त्याला आयसीटी म्हणतो. पुण्याचं सीओईपी २०२२ साली स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. म्हणजे १८५४ चा तो वर्ग परीक्षा आणि पदवी दोन्ही स्वतःच्या हातात घेऊन बसला, तेव्हा मध्ये १६८ वर्षं गेली होती. राज्यात आणखीही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट हा शब्द गावोगावच्या कॉलेजात पोहोचला आहे.

चौकट आली, पण ती वापरणार कशी? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मुंबईची गटारं आणि मिठी नदी, लातूरचे बोअर आणि मांजरा धरण, हे इंजिनिअरिंगचे अस्सल विषय. दुर्घटनेनंतरच्या पहिल्याच सत्रात एखाद्या प्राध्यापकाने महापालिकेचे नकाशे वर्गात पसरून ‘या वर्षी आपण हेच शिकू’ असं म्हणायचं ठरवलं, तर संलग्न कॉलेजात त्याला पुढच्या अभ्यासक्रम-बदलाची वाट बघावी लागणार. स्वायत्त कॉलेजात ती वाट बघायची गरज नाही. पण त्यासाठी शिक्षक कायमस्वरूपी हवा, तासिकेवर राबणारा नको; त्याला वाचायला वेळ हवा; आणि मुलांनी ‘हे परीक्षेला आहे का’ विचारल्यावर ‘हो, आणि परीक्षा मीच घेणार आहे’ असं म्हणण्याइतका विश्वास संस्थेने आणि समाजाने त्याच्यावर टाकायला हवा. कठीण आहे ते हेच. क्रेडिटचे आकडे एका परिपत्रकाने बदलता येतात, विश्वास तसा येत नाही.

तेव्हा बहरीनमधल्या त्या बाबांना आपलं एवढंच सांगणं: मुलीच्या गुणपत्रकावरची ती बिननावाची ओळ दिसली की काळजी करू नका, पण सोडूही नका. तिला विचारा, या सत्रात त्या खोलीत काय होतं, आणि तो विषय सरांनी का निवडला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला नीट देता आलं, तर तीन क्रेडिट सार्थकी लागली.